नाताळ न मानणाऱ्या चर्चचा मराठी पाद्री: जालन्याच्या नारायण शेषाद्रींची गोष्ट

डिसेंबर लागला की नाताळाबद्दलचे ठरावीक प्रश्न सगळीकडे विचारले जातात. सांताक्लॉजचे कपडे लाल का? झाड सजवण्याची पद्धत कुणी काढली? २५ डिसेंबर हीच तारीख कशी ठरली? या प्रश्नांची उत्तरं शोधायला युरोप-अमेरिकेत जावं लागतं. पण एक प्रश्न आपल्या मराठवाड्यातला आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. जालन्यात नाताळ आला कसा?

तुम्ही म्हणाल, यात विचारण्यासारखं काय आहे? ख्रिस्ती मिशनरी आले, त्यांच्यासोबत नाताळ आला.

गंमत इथेच आहे. जालना परिसरात ज्यांनी प्रोटेस्टंट मंडळी उभी केली, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे लोक होते. आणि स्कॉटलंडच्या या परंपरेला नाताळ मान्यच नव्हता! त्यांच्या लेखी तो बायबलमध्ये नसलेला, माणसांनी मागाहून घुसडलेला सण होता. अशा चर्चचा झेंडा घेऊन जालन्यात आलेला माणूस मात्र स्कॉटिश नव्हता. तो मराठी होता, जन्माने ब्राह्मण होता आणि डोक्याला पागोटं बांधून न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आला होता. त्याचं नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

१८४३: एकाच वर्षात किती गोष्टी!

नारायणरावांच्या आयुष्याला वळण मिळालं ते १८४३ साली. नाताळाच्या इतिहासातही हे वर्ष फार महत्त्वाचं आहे, म्हणून आधी तिकडे थोडं पाहू.

त्या वर्षी लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला नाताळाच्या शुभेच्छांची पत्रं लिहायला वेळ नव्हता. त्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापलं आणि तेच सगळ्यांना पाठवलं. उरलेली कार्डं एक शिलिंगला एक या भावाने विकली. हे जगातलं पहिलं छापील नाताळकार्ड समजलं जातं. कार्डावर एक कुटुंब दारूचे प्याले उंचावताना दिसतं आणि त्यात एक लहान मूलही आहे, म्हणून तेव्हा बरीच टीका झाली होती. त्याच वर्षी १९ डिसेंबरला चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' हे छोटं पुस्तक बाजारात आलं. कंजूष स्क्रूज आणि त्याला भेटणारी तीन भुतं यांची ही गोष्ट. नाताळ म्हणजे घरच्यांनी एकत्र बसून जेवायचं आणि गरिबांची आठवण ठेवायची, ही जी कल्पना आज जगभर रुजलेली आहे, तिला या पुस्तकाने मोठा हात लावला.

म्हणजे आपण ज्याला जुनापुराणा सण समजतो त्याचा आजचा चेहरा जेमतेम पावणेदोनशे-दोनशे वर्षांचा आहे. झाडाचंही तसंच. जर्मनीत ती पद्धत जुनी होती, पण इंग्लंडमध्ये ती घरोघरी पोचली ती राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन नवरा अल्बर्ट यांचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकात छापून आल्यावर.

आता मुंबईला येऊ. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री विशीतला तरुण होता. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या मिशनच्या शाळेत तो शिकला होता. याच शाळेतून पुढे आजचं विल्सन कॉलेज झालं. विल्सन स्वतः तेव्हा रजेवर गेलेले होते. शाळेचा भार रॉबर्ट नेस्बिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर होता. हे नेस्बिट मराठी इतकं चांगलं बोलत, की त्यांची त्याबद्दल ख्याती होती.

सप्टेंबर १८४३ मध्ये नारायणने बाप्तिस्मा घेतला आणि मुंबईत वादळ उठलं. चार वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, याच मिशनने दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला होता आणि तेव्हाही प्रकरण कोर्टात गेलं होतं. आता ब्राह्मणाचा मुलगा! आणि नारायणपाशी त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही राहायला आला होता. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो ख्रिस्ती झालेल्या भावाच्या घरी राहिला होता, जेवला होता. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे जात जायला एवढं पुरेसं होतं.

वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज झाला. त्याला आपण हेबियस कॉर्पस म्हणतो, तोच. मुलाला भावापाशी राहायचं होतं, पण तो अज्ञान होता आणि कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मिशनरी लोकांच्या लिखाणात हा निकाल म्हणजे मोठा अन्याय म्हणून रंगवला जातो. मला तसं वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलाने धर्म कोणता पाळायचा हे शाळेने ठरवावं की बापाने, असा प्रश्न आजच्या कोर्टापुढे गेला तरी निकाल फार वेगळा लागेल असं नाही.

पण खरी पंचाईत कोर्टाबाहेर होती. मुलगा घरी आला, आता त्याला जातीत घ्यायचं की नाही? इथे या गोष्टीत बाळशास्त्री जांभेकर येतात. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे, मराठी पत्रकारितेचे जनक. बाळशास्त्रींनी श्रीपतची बाजू घेतली. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सनातनी मंडळी खवळली. मुंबईच्या ब्राह्मणांत सरळ सरळ दोन तट पडले, एकमेकांवर बहिष्काराची भाषा झाली. बाळशास्त्रींनी विरोधाला न जुमानता श्रीपतचं शुद्धीकरण घडवून आणलं. शाळेच्या पुस्तकांत बाळशास्त्रींची ही सुधारकी आपण वाचतो. पण त्या मुलाचा थोरला भाऊ पुढे कुठे गेला, त्याचं काय झालं, हे पुस्तकात नसतं.

एका आईबापांची दोन मुलं. एक परत आला, दुसरा कायमचा तुटला. नारायणरावांना घराचा दरवाजा बंद झाला तो १८४३ सालीच.

स्कॉटलंड आणि नाताळ यांचं वाकडं

याच १८४३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. १८ मे रोजी एडिनबरामध्ये स्कॉटलंडच्या सरकारी चर्चची सभा भरली असताना पाद्र्यांचा एक मोठा गट उठून बाहेर पडला. मंडळीचा पाद्री कोण असावा हे गावच्या जमीनदाराने का ठरवायचं, यावरून भांडण होतं. साडेचारशेच्या वर पाद्र्यांनी पगार, घर आणि चर्चवर पाणी सोडलं आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड स्थापन केलं. भारतातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्या बाजूने गेले. म्हणजे नारायणरावांनी ज्या चर्चमध्ये प्रवेश केला ते चर्चच अवघं काही महिन्यांचं होतं.

हे लोक शिस्तीचे फार कडक. रविवार पवित्र, त्या दिवशी काम नाही, करमणूक नाही. पण नाताळ? तो नाही.

याचं कारण सोळाव्या शतकात आहे. १५६० मध्ये जॉन नॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा केली तेव्हा त्यांची कसोटी एकच होती: जे बायबलमध्ये सांगितलेलं नाही ते चर्चमध्ये चालणार नाही. या कसोटीवर नाताळ टिकत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये कुठेही दिलेलं नाही. महिनाही नाही, ऋतूही नाही. २५ डिसेंबरला हा दिवस पाळला जात असल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली आहे, इसवी सन ३३६ ची. म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षांनी! त्याआधी २७४ मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने अजिंक्य सूर्यदेवाची पूजा राज्यात प्रतिष्ठित केली होती आणि या सूर्याचा उत्सवही २५ डिसेंबरचाच. त्यावरूनच ही तारीख उचलली, असं काही अभ्यासक मानतात. दुसरे म्हणतात, की येशूचा गर्भसंभव २५ मार्चला झाला अशी समजूत आधीपासून होती, त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. आर्मेनियातलं चर्च तर आजही जन्मदिवस ६ जानेवारीला पाळतं.

नावाचीही अडचण होती. आपल्याकडे 'ख्रिसमस'मधला 'मस' म्हणजे मास, महिना, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तो 'मास' म्हणजे कॅथलिक चर्चची मिस्सा. ख्रिस्ताची मिस्सा ती ख्रिसमस. कॅथलिक मिस्सेच्या विरोधात उभ्या राहिलेल्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांना ते नावच खुपत होतं.

१६४० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून नाताळाची सुट्टी रद्द केली. मधे कायदा मागेपुढे झाला, पण लोकांची सवय मोडली ती मोडलीच. स्कॉटलंडमधला थंडीतला मोठा सण म्हणजे वर्षअखेरचा, ३१ डिसेंबरचा, ज्याला ते हॉगमनी म्हणतात. नाताळाच्या दिवशी लोक कामाला जात. समुद्रापलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनीही १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. म्हणजे नाताळावर बंदी घालणारे बहुतेक वेळा परधर्मीय नव्हते. ते स्वतः कट्टर ख्रिस्ती होते!

आणखी एक तपशील. फ्री चर्चमध्ये १८८० च्या दशकापर्यंत उपासनेत ऑर्गन वाजवायलाही परवानगी नव्हती. स्तोत्रं म्हणायची ती नुसत्या गळ्याने. हा तपशील लक्षात ठेवा, जालन्यात तो पुन्हा लागेल.

मुंबईहून जालन्याला

बाप्तिस्म्यानंतर नारायणराव मिशनच्या शाळेत शिकवू लागले. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी याच शाळेत शिकले. त्यांच्यावर ज्या शिक्षकांचा प्रभाव पडला त्यांत नारायणराव एक. १८५४ मध्ये नारायणरावांना पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. मुंबईत त्यांचं चांगलं चाललं होतं: इंग्रजी उत्तम, वक्तृत्व उत्तम, शिकलेल्या हिंदू-पारशी तरुणांशी वादविवाद करायला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. तिथेच राहिले असते तर इतिहासाच्या पुस्तकात कदाचित जास्त जागा मिळाली असती.

ते निघाले गावांकडे. आधी इंदापूर भागात आणि मग १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जालन्याला.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. जिल्हाही नव्हता, जालना जिल्हा औरंगाबादमधून वेगळा निघाला तो अगदी अलीकडे, १ मे १९८१ ला. पण बाजारपेठ मोठी. सोन्याचा पाळणा म्हणून या शहराची ओळख आजही सांगितली जाते. शेजारी १८२७ पासूनची छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची. या फौजेचे शिपाई इथले, अधिकारी इंग्रज. छावणीतल्या गोऱ्या साहेबांचा नाताळ मात्र थाटाचा असायचा, कारण इंग्लंडच्या चर्चला नाताळ चालत होता. त्या काळात सगळ्या हिंदुस्थानात या दिवसाला बडा दिन म्हणत. हाताखालचे लोक, ठेकेदार, व्यापारी साहेबाच्या बंगल्यावर डाली घेऊन जात. डाली म्हणजे फळं, सुका मेवा, मिठाई यांनी भरलेली टोपली. शुभेच्छा किती आणि वशिला किती, हे ज्याचं त्याने ठरवावं!

जालन्याच्या मातीला स्कॉटिश माणूस मात्र नवा नव्हता. याच जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसले यांचं सैन्य यांच्यात लढाई झाली. वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या आणि ७४ वीचे तर शेकड्यांनी लोक पडले. त्यानंतर साठेक वर्षांनी स्कॉटलंडचं चर्च इथे आलं ते मराठी पाद्र्याच्या रूपाने.

बेथेल

नारायणराव जालन्यात कुणात काम करत होते, हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग समाजातले होते. गावकुसाबाहेर राहणारे, दोर वळणारे, गावची राखण करणारे, दुसऱ्यांच्या लग्नात हलगी-सनई वाजवणारे आणि त्याच लग्नाच्या पंगतीत बसायची मुभा नसलेले. मांग-महारांच्या दुःखाबद्दल मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. तो काळ डोळ्यांपुढे आणा. त्या काळात जन्माने ब्राह्मण असलेला माणूस या लोकांच्या घरी बसतो, त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावतो. श्रीपतची जात नुसत्या भावाच्या घरी जेवल्याने गेली होती. हे त्याच्या कितीतरी पलीकडचं होतं.

गावात ख्रिस्ती झालेल्या माणसाची अडचण सोपी नव्हती. बलुत्यावर पोट. देवाच्या कामाला वाजवायचं नाकारलं की बलुतं धोक्यात. पाणवठा आधीच बंद. जमीन नाही. नुसता बाप्तिस्मा देऊन हा माणूस जगणार कसा?

नारायणरावांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे नवं गावच वसवायचं. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारकडून त्यांनी जालन्याजवळ, काही मैलांवर, अनुकूल अटींवर जमीन मिळवली. लक्षात घ्या, हे इंग्रजी राज्य नव्हतं. मुसलमान राज्यातल्या मुसलमान दिवाणाने ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या ख्रिस्ती पाद्र्याला, मांग कुटुंबांचं गाव वसवण्यासाठी दिलेली ही जमीन! गावाचं नाव ठेवलं बेथेल. हिब्रू भाषेत बेथेल म्हणजे देवाचं घर. बायबलमध्ये याकोब घरातून परागंदा झालेला असतो, रात्री धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपतो आणि त्याला स्वर्गाला लागलेली शिडी दिसते. त्या जागेला तो बेथेल हे नाव देतो. घर सुटलेल्या माणसाने हे नाव का निवडलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

बेथेलमध्ये प्रार्थनामंदिर होतं, शाळा होती, विहिरी होत्या, शेती होती, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे होते. कल्पना अशी, की इथल्या माणसाने कुणाच्या दारात भाकर मागायला जाऊ नये.

या प्रयोगावर टीकाही करता येते. वेगळं गाव वसवलं की माणसं जुन्या गावापासून तुटतात आणि मिशनवर अवलंबून राहतात. जालन्यातच नाही, सगळ्या देशात मिशनच्या वस्त्यांचा हा अनुभव आहे. पण ज्याला जुन्या गावात विहिरीवर चढता येत नव्हतं, त्याला स्वतःच्या विहिरीचं पाणी मिळालं, ही बाब टीका करतानाही नजरेआड करता येत नाही.

आता तो ऑर्गनचा तपशील आठवा. स्कॉटलंडच्या चर्चला उपासनेत वाद्य नको. आणि त्याच चर्चमध्ये जालन्यात आलेली माणसं कोण? पिढ्यान्‌पिढ्या वाद्य वाजवणारी! मराठी ख्रिस्ती मंडळींत हा कोरडेपणा फार दिवस टिकणं शक्यच नव्हतं. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पुढे नारायण वामन टिळकांनी भजनं-अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती गीतं लिहिली आणि टाळ-मृदंग चर्चमध्ये आले. आज मराठवाड्यातल्या चर्चमध्ये नाताळाच्या आदल्या रात्री तबला-पेटीवर भजन रंगतं, त्याचं मूळ या प्रवाहात आहे.

पागोटं न्यूयॉर्कमध्ये

बेथेलसाठी पैसा लागत होता आणि तो मिळवायला नारायणराव परदेशी फिरले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला ते हजर होते. अस्खलित इंग्रजी आणि डोक्यावर पागोटं, त्यामुळे तिथे त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. स्वामी विवेकानंद शिकागोला गेले त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. स्कॉटलंड आणि कॅनडाचेही दौरे झाले. पुढे त्यांच्या नावामागे डी.डी. ही मानद पदवी लागली.

ते न्यूयॉर्कमध्ये होते तेव्हा नाताळाचा सगळ्यात प्रसिद्ध चेहरा त्याच शहराच्या परिसरात तयार होत होता. सांताक्लॉज मुळात चौथ्या शतकातला बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा. डच लोकांनी त्याला सिंटरक्लास केलं आणि न्यूयॉर्क ही मूळची डच वसाहत, म्हणून तो तिथे पोचला. त्याला गुबगुबीत पोट, पांढरी दाढी आणि खेळण्यांची पोतडी देऊन लोकांच्या मनात ठसवलं ते थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने, 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात १८६३ पासून. सांताला लाल कपडे एका शीतपेयाच्या कंपनीने घातले असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते चूक आहे. लाल कपड्यांतला सांता त्या जाहिरातींच्या आधीपासून छापला जात होता. अमेरिकेत नाताळ केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत आला तोही १८७० मध्ये, म्हणजे नारायणरावांच्या भेटीच्या फक्त तीन वर्षं आधी.

दौऱ्यांची दगदग वाढत्या वयातही चालूच राहिली. १८९१ मध्ये अशाच एका परदेश दौऱ्यात, समुद्रप्रवासात, त्यांचं निधन झालं. एके काळी ज्या समाजात समुद्र ओलांडणं हे पाप मानलं जाई त्या समाजात ते जन्मले होते.

मग जालन्यात नाताळ आला तरी कसा?

एका दारातून आला नाही. छावणीतल्या इंग्रजी चर्चचा नाताळ शेजारीच होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यात, नाताळ सार्वजनिक सुट्टी म्हणून लिहिला गेला. निजामाचं राज्य त्यात येत नव्हतं, पण मुंबई-पुण्याशी जाणंयेणं असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो दिवस ठाऊक झाला. खुद्द स्कॉटलंडच्या चर्चमधलाही जुना ताठरपणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैल होत गेला. आणि सणाशिवाय राहणं हे मराठी माणसाच्या स्वभावात नाही. दिवाळी, पोळा, दसरा सुटला, त्या जागी काहीतरी हवंच होतं. म्हणून नाताळाच्या फराळात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि अनारसे आले. आकाशकंदिलाच्या जागी कागदी चांदणी आली. येशूच्या जन्मावेळी पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना दिसलेला तारा तो हा.

नावसुद्धा बघा. स्कॉटिश लोकांचा इंग्रजी शब्द मराठीत रुजला नाही. रुजला तो 'नाताळ', पोर्तुगीज भाषेतल्या जन्मदिवस या अर्थाच्या शब्दावरून आलेला. वसई-गोव्याच्या किनाऱ्यावर कॅथलिक पोर्तुगीजांनी आणलेला हा शब्द घाट चढून मराठवाड्यात पोचला, जिथे पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. कॅथलिक सणांना नाकं मुरडणाऱ्या चर्चच्या मंडळीत कॅथलिकांचाच शब्द बसला!

नारायणरावांनंतर स्कॉटिश मिशनने जालन्यात दवाखान्याचं काम उभं केलं. शहरातलं मिशन हॉस्पिटल त्याच कामातून आलं. १९०३ मध्ये छावणी मोडली. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि नाताळ मानणारे अँग्लिकन व एके काळी न मानणारे प्रेस्बिटेरियन एकाच चर्चमध्ये आले.

आणि स्कॉटलंडचं काय? तिथे १८७१ पासून बँका नाताळाला बंद असत, पण बाकीच्या लोकांसाठी हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा झाला तो १९५८ मध्ये. त्या वर्षी जालना मुंबई राज्यात होतं आणि इथल्या सरकारी कचेऱ्यांना नाताळाची सुट्टी आधीपासूनच होती.